भावाचा फरक आणि जमिनीचा धनी

अमेरिकेतील आर्कान्सॉ राज्याच्या ईशान्य भागात, मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस पसरलेल्या सखल गाळाच्या प्रदेशात, पॉइन्सेट नावाची एक काउंटी आहे. विस्ताराने ती आपल्याकडील एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी भरेल. वस्ती मात्र उणीपुरी २३ हजारांची. क्रोलीज रिज या नावाची एक ठेंगणी डोंगररांग उत्तर-दक्षिण धावत तिचे दोन भाग करते. पश्चिमेकडे पाणी धरून ठेवणारी चिकण जमीन असल्यामुळे मैलोगणती भातखाचरे पसरली आहेत, आणि पूर्वेकडे सेंट फ्रान्सिस नदीच्या गाळावर कापूस व सोयाबीन पिकते. अमेरिकेत पिकणाऱ्या भातापैकी जवळजवळ निम्मे भात एकट्या आर्कान्सॉ राज्यात होते, आणि त्या राज्याच्या भातउत्पादक काउंट्यांमध्ये पॉइन्सेटचा क्रम वरचा आहे. पर्यटकाने मुद्दाम वाट वाकडी करून जावे असे तेथे फारसे काही नाही. तरीही सरकार शेतमालाच्या भावाची हमी घेते तेव्हा त्या हमीचा पैसा कोणत्या वाटेने जातो आणि शेवटी कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न ज्याला मुळापासून समजून घ्यावयाचा आहे, त्याने या काउंटीचा गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास अवश्य अभ्यासावा. कारण तेथील शेतकऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातून नव्हे, तर स्वतःच्या राहत्या घरावर जप्तीसारखे आलेले संकट सोसून मिळविले आहे.

प्रथम आजची व्यवस्था पाहू. अमेरिकेची काँग्रेस साधारणतः दर पाच वर्षांनी एक मोठा शेतीविषयक कायदा संमत करते, आणि त्यात भात, गहू, मका, सोयाबीन, भुईमूग, कापूस इत्यादी ठरावीक पिकांसाठी एकेक संदर्भभाव लिहिलेला असतो. २०१४ च्या कायद्याने भाताचा संदर्भभाव दर १०० पौंडांस, म्हणजे सुमारे ४५ किलोंस, १४ डॉलर ठरविला होता. ४ जुलै २०२५ रोजी अध्यक्षांची स्वाक्षरी झालेल्या कायद्याने तो १६ डॉलर ९० सेंटांवर नेला. हंगामाच्या वर्षभरातील देशभरचा सरासरी बाजारभाव या संदर्भभावाच्या खाली गेला, तर दोहोंमधील फरक सरकार आपल्या खजिन्यातून भरून देते. आपल्याकडील किमान आधारभूत किमतीप्रमाणे सरकार स्वतः माल खरेदी करीत नाही, कोठारे भरीत नाही, काटा लावून बसत नाही. माल बाजारात मिळेल त्या भावाने विकला जातो आणि फरकाची रक्कम पीक निघाल्यानंतर सुमारे वर्षभराने खात्यावर जमा होते.

येथपर्यंत सर्व सरळ आहे. परंतु हा फरक कशावर मोजावयाचा, या ठिकाणी व्यवस्थेचे खरे स्वरूप उघड होते. शेतकऱ्याने यंदा किती पोती भात विकले यावर तो मोजला जात नाही. यंदा त्याने भात लावले की नाही, हेही विचारले जात नाही. प्रत्येक शेताच्या नावे सरकारी दप्तरात प्रत्येक पिकाचे एक मूळ क्षेत्र आणि एक मूळ उत्पादकता नोंदलेली असते, आणि ही नोंद त्या शेतावर पूर्वीच्या काही विवक्षित वर्षांत काय पिकत होते यावरून कायम केलेली असते. समजा, एका शेताच्या नावे भाताचे १०० एकर मूळ क्षेत्र आहे, एकरी उत्पादकता ६,००० पौंड नोंदलेली आहे, संदर्भभाव १४ डॉलर आहे आणि बाजारभाव ११ डॉलरांवर उतरला आहे. मूळ क्षेत्राचा ८५ टक्के हिस्साच हिशेबात धरला जातो, म्हणून ८५ एकर, एकरी शंभर-शंभर पौंडांची ६० मापे आणि दर मापास ३ डॉलर, असे मिळून १५,३०० डॉलर त्या शेताच्या नावे निघतील. मग त्या वर्षी तेथे भात उभे असो, सोयाबीन असो, वा जमीन पडीक असो. अर्थशास्त्रज्ञांनी ही योजना हेतुपुरस्सर केलेली आहे. भावाच्या आशेने लोकांनी गरजेपेक्षा अधिक पेरू नये आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांतही सापडू नये, यासाठी अनुदान आणि पेरणी यांची फारकत करण्यात आली. तिचा एक परिणाम मात्र असा झाला, की अनुदानाचा हक्क पिकाशी किंवा कष्टाशी न जोडता जमिनीच्या तुकड्याशी जोडला गेला. जमीन विकली की तो हक्क तिच्याबरोबर जातो, वारसाने मिळाली की वारसाने मिळतो.

याला पर्यायी अशी दुसरी एक पद्धती आहे आणि तिच्यात काउंटी हेच मोजमापाचे एकक आहे. संपूर्ण काउंटीचे दर एकरी सरासरी उत्पन्न गेल्या पाच वर्षांच्या मानाने ठरावीक मर्यादेखाली घसरले, तर त्या काउंटीतील सहभागी शेतांना रक्कम मिळते. त्यामुळे रस्त्याच्या अलीकडच्या शेताला अनुदान आणि पलीकडच्या काउंटीतील तशाच शेताला काहीही नाही, असे प्रकार घडतात. एखाद्याचे सर्व पीक बुडाले पण काउंटीची सरासरी शाबूत राहिली, तर त्याचे नुकसान हिशेबात येतच नाही. पीकविम्याची भरपाई महसूल मंडळाच्या सरासरीवर ठरताना ज्या महाराष्ट्रीय शेतकऱ्याने अनुभवली आहे, त्याला या दुःखाची वेगळी ओळख करून द्यावयास नको. २०१९ साली चीनशी चाललेल्या व्यापारयुद्धाची झळ भरून काढण्यासाठी अमेरिकन सरकारने जे खास अर्थसाहाय्य वाटले, त्यातही प्रत्येक काउंटीसाठी दर एकरी एकच दर ठरविण्यात आला होता. तो कोठे १५ डॉलर होता, तर कोठे १५० डॉलर.

आता मागे, १९३३ सालाकडे वळू. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पौंडाला ३५ सेंटांच्या आसपास गेलेला कापूस १९३१ साली सहा सेंटांच्याही खाली उतरला होता. कर्ज काढून जमीन घेतलेल्यांची कर्जे तशीच राहिली, पण ती फेडण्याचे साधन मात्र एक षष्ठांशावर आले. शेतमालाच्या आणि कारखानी मालाच्या किमतींचे जे प्रमाण १९०९ ते १९१४ या काळात होते ते पुन्हा प्रस्थापित करावे, अशी मागणी शेतकऱ्यांच्या पुढाऱ्यांनी सारे दशक लावून धरली होती. फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्षपदी आले आणि १२ मे १९३३ रोजी त्यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने ही मागणी राज्याचे धोरण म्हणून स्वीकारली. कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांच्यापुढे अडचण अशी होती, की कायदा झाला तेव्हा कापूस शेतात उभा राहिला होता. उत्पादन कमी केल्याशिवाय भाव चढणार नाही आणि उभे पीक तर वाढतच होते. तेव्हा शेतकऱ्याला पैसे देऊन उभा कापूस नांगरून टाकण्याचा उपाय योजण्यात आला. सुमारे दहा लाख करार झाले आणि एक कोटीहून अधिक एकरांवरचा कापूस मातीत गाडला गेला. आयुष्यभर सरींमधून चालण्याची शिकवण मिळालेली खेचरे उभ्या झाडांवर पाय ठेवावयास तयार होईनात, असे त्या काळच्या आठवणींत सांगितले जाते. देशात लोक फाटके कपडे घालून फिरत असताना हे करावे लागले, याची खंत वॉलेस यांना स्वतःलाही होती.

पुढील दोन हंगामांसाठी, म्हणजे १९३४ आणि १९३५ साठी, सरकारने जो करार केला तो आपण नीट वाचला पाहिजे. जमिनीचा काही भाग पडीक ठेवल्याबद्दल दर पौंडामागे साडेतीन सेंट भाडे आणि समभावापोटी, म्हणजे वर सांगितलेले किमतींचे जुने प्रमाण गाठण्यासाठी, एक सेंट, असे मिळून साडेचार सेंट सरकार देणार होते. दक्षिणेतील कापसाची शेती तेव्हा मुख्यतः वाटेकऱ्यांच्या हातांनी होत असे: जमीन, खेचर, अवजारे, बियाणे आणि खोपट मालकाचे, राबणूक वाटेकऱ्याच्या साऱ्या कुटुंबाची, आणि पिकाचा अर्धा हिस्सा, तोही मालकाच्या दुकानातील उधारी वळती करून उरेल तेवढा, वाटेकऱ्याचा. करारात भाड्याचे साडेतीन सेंट पूर्णतः मालकाला आणि समभावाचा एक सेंट दोघांत अर्धा-अर्धा, अशी वाटणी लिहिलेली होती. याचा अर्थ असा, की पडीक ठेवलेल्या ज्या जमिनीतून पूर्वी वाटेकऱ्याला निम्मे पीक मिळत असे, तीच जमीन सरकारी पैशावर पडीक राहिली तेव्हा साडेचार सेंटांपैकी चार मालकाला आणि अर्धा सेंट वाटेकऱ्याला मिळावयाचा होता. हा अर्धा सेंटही मालकाच्या हातून जावयाचा असल्यामुळे तो अनेक ठिकाणी जुन्या उधारीत जमा होऊन जाई.

जमीन कमी कसावयाची म्हटल्यावर माणसेही कमी लागणार, हे उघड होते. कराराच्या सातव्या कलमात मालकाने शक्य तितक्या प्रमाणात कुळांची नेहमीची संख्या कायम ठेवावी, असे म्हटले होते. पण ‘शक्य तितक्या प्रमाणात’ हे शब्द ज्याच्या अर्थनिर्णयावर सोडलेले होते तो मालकच होता, आणि त्याच्याविरुद्धच्या तक्रारींची चौकशी ज्या स्थानिक समित्यांकडे होती त्यांत बहुधा त्याचेच शेजारी आणि सगेसोयरे बसत. पॉइन्सेट काउंटीत टायरॉन्झा गावाजवळ हायराम नॉरक्रॉस या मळेवाल्याने १९३४ च्या सुमारास आपल्या जमिनीवरून अनेक कुटुंबांना काढून टाकले. त्या गावात एच. एल. मिचेल नावाचा एक तरुण कपडे धुऊन देण्याचे दुकान चालवीत असे आणि लगतच क्ले ईस्ट याचा पेट्रोलपंप होता. दोघेही समाजवादी विचारांचे होते, आणि समाजवादी पक्षाचे नेते नॉर्मन टॉमस यांनी स्वतः येऊन ही परिस्थिती पाहिली तेव्हा वाटेकऱ्यांनी आपली संघटना उभारावी, असा सल्ला दिला होता. १९३४ च्या जुलै महिन्यात नॉरक्रॉसच्याच मळ्यावरील एका शाळेच्या इमारतीत अकरा गोरे आणि सात कृष्णवर्णीय माणसे जमली. पहिलाच प्रश्न निघाला तो असा, की दोन वर्णांच्या दोन संघटना कराव्यात की एकच. जेथे दोघांनी एका बाकावर बसणेही निषिद्ध होते अशा मुलखात त्यांनी एकच संघटना करण्याचे ठरविले. ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ हे तिचे नाव. आर्कान्सॉ स्टेट विद्यापीठाने मिचेल आणि ईस्ट यांच्या त्याच जुन्या इमारतीत आता तिचे संग्रहालय केले आहे.

या संघटनेवर काय काय कोसळले त्याची सविस्तर हकीकत येथे देता येणार नाही. सभासदांना घरांतून काढण्यात आले, सभा मोडण्यात आल्या, १९३५ च्या मार्चमध्ये शेजारच्या काउंटीत खुद्द नॉर्मन टॉमस यांना व्यासपीठावरून ओढून खाली उतरविण्यात आले, आणि १९३६ च्या हिवाळ्यात पार्किन गावाजवळ घालवून दिलेल्या कुटुंबांना तंबू ठोकून थंडी काढावी लागली. मात्र वॉशिंग्टनमध्ये जे घडले ते या लेखाच्या विषयाशी अधिक जवळचे आहे. ही योजना राबविणाऱ्या कृषिसमायोजन खात्याचे विधी-सल्लागार जेरोम फ्रँक आणि त्यांचे तरुण सहकारी यांनी सातव्या कलमाचा असा अर्थ लावला, की केवळ कुळांची संख्या नव्हे तर तीच कुळे मालकाने ठेवली पाहिजेत. खात्याचे प्रमुख चेस्टर डेव्हिस यांना हे मानवले नाही. दक्षिणेतील मळेवाल्यांच्या आणि त्यांच्या सिनेटरांच्या सहकार्यावाचून सारी योजनाच कोसळेल, असे त्यांचे मत होते. फेब्रुवारी १९३५ मध्ये त्यांनी फ्रँक आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांना नोकरीतून दूर केले, आणि वॉलेस यांनी डेव्हिस यांची बाजू घेतली. वॉलेस हे सहृदय आणि विद्वान गृहस्थ होते, मक्याच्या वाणांवर त्यांनी केलेले काम कायम स्मरणात राहील. तथापि या एका प्रसंगी त्यांनी जी निवड केली तिची किंमत लक्षावधी माणसांनी दिली, असे म्हटल्यावाचून मला राहवत नाही.

पुढे ६ जानेवारी १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ कायदाच घटनाबाह्य ठरविला. त्याच्या जागी जमिनीच्या संरक्षणाच्या नावाने दुसरा, आणि १९३८ मध्ये तिसरा कायदा आला. या नव्या कायद्यांत वाटेकऱ्याचा हिस्सा वाढविण्यात आला, आणि त्यातून एक असा धडा मिळाला की जो कोणत्याही देशाच्या कायदेपंडिताने लक्षात ठेवावा. वाटेकऱ्याला अधिक द्यावे लागते म्हटल्यावर मालकाला वाटेकरी ठेवण्यापेक्षा रोजंदारीचे मजूर लावणे अधिक फायद्याचे झाले, कारण मजुराला अनुदानात वाटा नव्हता. सरकारी पैशाने ट्रॅक्टर आले. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये मिसिसिपीतील क्लार्क्सडेलजवळ यंत्राने कापूस वेचण्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत वाटेकरी ही संस्थाच त्या प्रदेशातून नाहीशी होऊन तिच्यातील माणसे शिकागो, डेट्रॉइट, सेंट लुईस येथील कारखान्यांकडे निघून गेली. यंत्र आज ना उद्या आलेच असते हे मान्य. परंतु ते येण्यापूर्वीच ज्यांना हाकलले गेले त्यांना यंत्राने नव्हे, करारातील एका वाटणीने हाकलले.

युद्धोत्तर काळातील कायद्यांचा तपशील किचकट आहे आणि सामान्य वाचकाला त्यातून फारसे हाती लागणार नाही. १९७३ मध्ये लक्ष्यभाव आणि फरकभरपाई यांची पद्धत आली. १९९६ मध्ये सरकारने भावाशी असलेले नातेच तोडून ठरावीक वर्षासनासारखी रक्कम देण्यास आरंभ केला, ती ओसरत जाऊन बंद होईल अशी अपेक्षा होती. दोनच वर्षांत भाव पडले आणि तातडीच्या मदतीचे हप्ते सुरू झाले. २००२ मध्ये वर्षासन आणि फरकभरपाई ही दोन्ही एकत्र देण्यात आली. या वर्षासनाची परिणती कोठवर गेली ते ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वृत्तपत्राने २००६ च्या जुलैमध्ये उजेडात आणले. २००० सालापासून जे मुळी शेतीच करीत नाहीत अशा व्यक्तींना १ अब्ज ३० कोटी डॉलर मिळाले होते, आणि टेक्सासमध्ये जेथे एके काळी भात पिकत असे त्या जमिनीचे तुकडे घेऊन घरे बांधून राहणाऱ्या लोकांच्याही नावे भाताचे पैसे येत होते. कायद्याचा भंग कोणी केला नव्हता. नोंद जमिनीच्या नावे होती आणि जमीन त्यांच्या नावे होती.

दर माणशी अनुदानाची कमाल मर्यादा १९७० पासून आहे. २०२५ च्या कायद्याने ती १ लाख २५ हजार डॉलरांवरून १ लाख ५५ हजारांवर नेली. परंतु भागीदारीत जितके भागीदार तितक्या मर्यादा मिळतात, म्हणून एकाच मोठ्या शेतीचे कागदोपत्री अनेक भागीदार करणे हा दक्षिणेतील वकिलांचा जुना व्यवसाय आहे.

ज्या स्थानिक समित्यांचा उल्लेख वर आला, त्या आजही आहेत. प्रत्येक काउंटीत शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली तीन ते अकरा जणांची समिती या कारभारावर देखरेख ठेवते. लोकशाहीचा हा उत्तम नमुना वाटेल, आणि तत्त्वतः तो आहेही. परंतु दक्षिणेत कित्येक दशके या समित्यांत कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना जवळजवळ प्रवेशच नव्हता, आणि कर्जाचा अर्ज कोणाचा लवकर मंजूर व्हावा, कोणाचा पेरणी उलटून जाईपर्यंत पडून राहावा, हे ठरविण्यात स्थानिक हितसंबंधांचा वरचष्मा राहिला. १९९७ मध्ये पिगफर्ड नावाने ओळखला जाणारा दावा कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी कृषिखात्याविरुद्ध दाखल केला, १९९९ मध्ये तडजोड झाली, आणि तीत ज्यांचे दावे वेळेवर पोहोचले नव्हते त्यांच्यासाठी २०१० मध्ये आणखी सव्वा अब्ज डॉलर मंजूर झाले. १९२० च्या शिरगणतीत देशात नऊ लाखांहून अधिक कृष्णवर्णीय शेतकरी होते. आज ते पन्नास हजारांच्याही खाली आहेत. नुकसानभरपाई मिळाली तेव्हा बहुतेकांच्या जमिनी केव्हाच गेलेल्या होत्या.

येथे दुसऱ्या बाजूलाही न्याय दिला पाहिजे. मिसिसिपीच्या या गाळप्रदेशातील आजचा भातउत्पादक हा बहुधा स्वतःच्या थोड्या आणि इतरांच्या पुष्कळ जमिनीवर, कोट्यवधींची यंत्रे कर्जाने घेऊन शेती करणारा माणूस आहे, आणि एका वर्षाचा कोसळलेला भाव त्याला आयुष्यातून उठवू शकतो. रोख खंडाने जमीन घेतली असेल तर नियमानुसार अनुदान त्यालाच मिळते, मालकाला नाही. वाट्याने घेतली असेल तर वाटून मिळते. मग मालक खंड वाढवून ते परत घेतो काय? अर्थशास्त्रज्ञ पूर्वी असे मानीत की शेवटी सर्वच रक्कम जमिनीच्या किमतीत मुरते. बॅरेट कर्वन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डॉलरमागे सुमारे २५ सेंट खंडवाढीच्या रूपाने मालकाकडे जातात, असे आढळले. म्हणजे कसणाऱ्याच्या हाती बरेच राहते, ही समाधानाची गोष्ट आहे. पण हा कसणारा १९३४ चा वाटेकरी नव्हे. लेखी करार करू शकणारा, वकील ठेवू शकणारा, शेकडो एकरांचा व्यवहार करणारा उद्योजक आहे. ज्याच्या हाती करार आहे त्याला वाटा मिळतो, एवढेच यावरून सिद्ध होते.

या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय? पहिला संबंध बाजाराचा. २००२ च्या अमेरिकन कायद्याने कापसाला पौंडामागे ७२.४ सेंटांचा लक्ष्यभाव दिला, आणि त्याच सुमारास, २००१-०२ च्या हंगामात, जागतिक भाव सरासरी ४२ सेंटांच्या आत होता. तेथील उत्पादकाला बाजारभाव कोसळल्याची झळ लागू नये याची व्यवस्था होती. यवतमाळच्या किंवा पश्चिम आफ्रिकेतील मालीच्या उत्पादकाला ती पुरेपूर लागली. महाराष्ट्राची १९७२ पासून चालत आलेली कापूस एकाधिकार खरेदी योजना त्याच काळात तोट्याच्या ओझ्याखाली मोडकळीस आली; तिच्या अंतर्गत दोषांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, पण जागतिक भावाच्या या दाबाचा उल्लेख त्या मानाने कमी होतो. ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेविरुद्ध दावा लावला आणि २००५ मध्ये तो अंतिमतः जिंकला. आपली अनुदाने तत्काळ बदलण्याऐवजी अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस संस्थेला वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देण्याचे कबूल केले, आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटविले. त्याच वर्षीच्या कायद्यातून कापूस वगळण्यात आला. २०१८ मध्ये तो सरकीसह कापूस या स्वरूपात पुन्हा आत आला, आणि २०२५ मध्ये त्याचा संदर्भभाव ३६.७ सेंटांवरून ४२ सेंट झाला. त्याच २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारत सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत स्थगित केले. विदर्भाच्या शेतकऱ्याने कोणाशी स्पर्धा करावी असे आपण त्याला सांगत आहोत, याचा विचार हे हुकूम काढताना व्हावयास हवा होता. उलट अमेरिकेने २०१८ मध्ये भारताच्या भात, गहू आणि कापूस यांवरील आधारभूत किमती मर्यादेबाहेर आहेत, अशी तक्रार जागतिक व्यापार संघटनेपुढे नोंदविली आहे.

दुसरा संबंध अधिक जिव्हाळ्याचा आहे, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. मालाची खरेदी न करता भावाचा फरक रोख देण्याची पद्धत आता आपल्याकडेही येत आहे. मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये भावांतर योजना काढली, केंद्राच्या २०१८ च्या योजनेतही फरकभरपाईची तरतूद आहे, आणि महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या खरिपातील पडलेल्या भावांसाठी सोयाबीन व कापूस उत्पादकांना दोन हेक्टरांच्या मर्यादेत हेक्टरी ५,००० रुपये दिले. ही मदत ई-पीक पाहणीच्या नोंदीवर आणि खातेदाराच्या नावावर दिली गेली. विदर्भ-मराठवाड्यात आज किती तरी जमीन ठोक्याने, बटईने, मक्त्याने कसली जाते, आणि हे व्यवहार बहुतेक तोंडी असतात. कारण कसणाऱ्याला जमीन देणाऱ्या कुळ कायद्याच्याच धास्तीने आजचा मालक कोणाचेही नाव कागदावर येऊ देत नाही. त्या कायद्याने लाखो कुळांचे कल्याण केले, याविषयी माझ्या मनात संशय नाही. परंतु त्याचा परिणाम असा झाला आहे, की ज्याने बियाणे घेतले, फवारणी केली आणि पडलेल्या भावाने माल विकला, त्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. आणि भावाच्या फरकाची रक्कम मात्र सातबारा पाहून जमा होते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला मदतीसाठी अर्ज करताना तो शेतकरी होता हेच सिद्ध करता येत नाही, अशी परिस्थिती याच कारणाने उद्भवते.

यावर उपाय सुचविले गेले आहेत. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०१६ मध्ये जमीन खंडाने देण्याचा एक आदर्श कायदा तयार केला. त्यात मालकाची मालकी निःसंशय सुरक्षित ठेवून कसणाऱ्याला कर्ज, विमा आणि आपत्तीतील मदत मिळावी, अशी तजवीज आहे. महाराष्ट्राने तो स्वीकारावा, असे मला मनापासून वाटते. मालकाची भीती गेल्याखेरीज कसणाऱ्याचे नाव कागदावर येणार नाही, हे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये आणखी पुढे जाऊन पीक कसणाऱ्याच्या हक्कांचा कायदा केला. त्याखाली कसणाऱ्याला अकरा महिन्यांचे एक ओळखपत्र मिळते, त्यावर जमिनीच्या मालकीविषयी कोणताही हक्क उत्पन्न होत नाही, असे कायद्यातच स्पष्ट लिहिले आहे, आणि त्या पत्राच्या आधारे तो कर्ज व विमा मागू शकतो. मात्र ते ओळखपत्र मिळविण्यासाठी जमीनमालकाची सही लागते, आणि ही सही देण्यास तेथील पुष्कळ मालक अजूनही तयार होत नाहीत.